गुडघ्यात गेली, पोटरीला शाबूत

जीनची पँट एकदम फाटत नाही, ती ठरल्या जागी जाते. सांगली जिल्ह्यातल्या कुंडल, पलूस, किर्लोस्करवाडी या पट्ट्यात ज्याचा निम्मा दिवस मोटारसायकलवर जातो त्याची पँट आधी बैठकीला विरते आणि मग मांड्यांच्या आतून. ठिबकच्या नळ्या बघत, तण काढत रानात गुडघे टेकणाऱ्याची गुडघ्यात जाते. शाळकरी पोराचीही गुडघ्यातच, फक्त फार लवकर. कॉलेजातल्या पोराची मोहरी टाचेखाली येऊन येऊन तिच्या दशा निघतात. घरच्यांच्या लेखी या सगळ्याच 'फाटक्या'. पण त्यांतली कुठलीही एक उन्हात, उजेडासमोर धरून बघा. विरलेल्या जागेतून उजेड आरपार येतो. पोटरी, कमरपट्टी, मागचे खिसे, मांडीची बाहेरची बाजू इथे मात्र तो अडतो. पँट म्हणून ती संपली असेल; कापड म्हणून तिचं बरंच आयुष्य बाकी आहे. कुठे उजेड येतो आणि कुठे अडतो हे पाहिल्याशिवाय कात्री लावली तर चांगल्या मशीनवर, चांगल्या दोऱ्याने शिवलेली पिशवीसुद्धा पहिल्याच दमदार बाजारात नेमकी त्याच जागी बोलते.

ठरल्या जागी विरण्याचं कारण विणीत आहे. डेनिममध्ये ताण्याचे उभे धागे निळे आणि बाण्याचे आडवे धागे पांढरे असतात. नेहमीच्या जाड जीनमध्ये प्रत्येक निळा धागा तीन पांढऱ्या धाग्यांवरून जातो आणि एकाखालून, पुढच्या ओळीत एक घर सरकून पुन्हा तसंच. म्हणून वरून तिरक्या रेघा दिसतात, म्हणून कापड वरून निळं आणि आतून पांढुरकं. आणि म्हणूनच सगळं घासणं निळ्या उभ्या धाग्याच्या वाट्याला येतं. तो आधी तुटतो, मागे आडवे पांढरे धागे लोंबत राहतात. गुडघ्यावरची ती पांढरी जाळी, जिच्यासाठी शहरातल्या दुकानांत जादा पैसे मोजतात, ती म्हणजे ताणा गेलेला आणि बाणा उरलेला. या विणीतून शिवणाऱ्याला एक नियम फुकट मिळतो. पँटच्या लांबीत उभा धागा धावतो, तोच ओझं पेलतो. बंद, पट्टा, दोरी अशी जी वस्तू ओढ सहन करणार ती लांबीतच कापायची. आडवी कापली की ती लांबते, आणि हल्लीच्या ताणल्या जाणाऱ्या जीनमध्ये तर फारच, कारण त्यातला रबरासारखा इलास्टेनचा धागा बहुधा आडव्या सुतातच घातलेला असतो.

रंगाचंही तसंच. नीळ पाण्यात विरघळत नाही. रंगारी आधी रासायनिक क्रियेने तिला विरघळवतात, सूत तिच्यात बुडवून वर काढतात, आणि हवा लागली की नीळ पुन्हा मूळ रूपात येऊन धाग्याला चिकटते. असं कितीतरी वेळा बुडवलं तरी रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही; आत पांढरं ते पांढरंच राहतं. जीन फिकट होते म्हणजे धागा वरून सोलला जातो. रंग बसावा म्हणून मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण निळीवर त्याचा उपयोग नाही, कारण रंग पाण्यात सुटत नसून घासून निघतो. जुन्या, वीस-पंचवीस धुण्यांतून गेलेल्या पँटचा रंग निघण्याचा त्रास संपलेला असतो. फक्त मोहरीची दुमड किंवा खिशाखालचा भाग कधीच घासलेला नसतो. तो तुकडा पांढऱ्या अस्तराला लावण्याआधी ओल्या फडक्याने चोळून बघावा.

कुंडलच्या माळाला जीन उशिरा आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळरानावर नांगराचा कारखाना थाटला, तेव्हा अमेरिकेत रिव्हेट ठोकलेली पँट कामगाराचा कपडा म्हणून तीस-पस्तीस वर्षं रुळलेली होती. नेवाडातल्या रेनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. मजुरांच्या पँटींचे खिसे सारखे उसवतात म्हणून त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकले. पेटंटचा खर्च परवडेना म्हणून त्याने कापड पुरवणाऱ्या लीव्हाय स्ट्रॉसला भागीदार केलं आणि २० मे १८७३ रोजी त्यांना पेटंट मिळालं. तिथे जीन कामाची पँट म्हणून जन्मली आणि नंतर मिरवायला लागली. आपल्याकडे क्रम उलटा. आधी ती लग्नात, कॉलेजात मिरवते, रंग उडाला की मोटारसायकलवर, मग रानात, शेवटी ट्रॅक्टरचं तेल पुसायला.

या उतरंडीतलं एक पाऊल धोक्याचं आहे, ते इथेच सांगून टाकतो. पलूस-तासगाव हा द्राक्षाचा मुलूख. फवारणीला घरातली सगळ्यात जुनी पँट घातली जाते, आणि सगळ्यात जुनी म्हणजे बहुतेक वेळा जीन. जाड सुती कापड औषध पिऊन घेतं आणि ते धुऊन पूर्ण जातं असं धरून चालता येत नाही. फवारणीत वापरलेली पँट पिशवीला, बसकराला, वाकळेला, कशालाच घ्यायची नाही. मग ती कितीही धड असो. ती वेगळीच ठेवायची, फवारणीलाच वापरायची आणि तिथेच संपवायची. उरलेल्या पँटींबद्दल आता बोलू.

त्या शिवता येतील का ही शंका आधी काढू. जीन गावोगाव शिवताही येते हे एका कंपनीने तीस वर्षांपूर्वीच दाखवून दिलं होतं. अहमदाबादच्या अरविंद मिल्सने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात डेनिम काढायला सुरुवात केली. तयार जीन तेव्हा गावच्या खिशाला परवडत नव्हती. १९९५ मध्ये कंपनीने 'रफ अँड टफ' नावाचा संच आणला: न शिवलेलं डेनिम, चेन, बटण, रिव्हेट आणि मागे लावायचं लेबल, सगळं मिळून दोनशे रुपयांच्या आत. शिवायचं गावातल्या टेलरने. लहान गावांतल्या हजारो टेलरांपर्यंत हा संच पोचला आणि धडाक्याने खपला. पुढे तयार पँटाच स्वस्त झाल्या आणि संच मागे पडला, पण साध्या पायमशीनवर डेनिमची टीप नीट पडते ही गोष्ट तेव्हाच सिद्ध झाली. महाराष्ट्रातच कापूस पिकतो, यवतमाळला रेमंडच्या गिरणीत १९९६ पासून डेनिम विणलं जातं, उल्हासनगरच्या गल्ल्यांत पँटा शिवल्या जातात. तेव्हा या कपड्याला परका म्हणायचं कारण उरलेलं नाही.

आता वाकळ. पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात ती आपल्या सातारा-सांगलीकडची वाकळ. तिचा कच्चा माल ठरलेला होता: विरलेली सुती लुगडी आणि धोतरं. वर-खाली एकेक धड लुगडं, आत फाटक्यांचे थर, आणि कडेपासून मध्याकडे चौकोनी फेऱ्यांत सरकत जाणारे धावते टाके. लुगडं वाकळेत जाण्याआधीही त्याच्यावर एक उपचार व्हायचा, दंड घालण्याचा. नऊवारी मधे विरलं की तेवढा पट्टा कापून टाकायचा आणि दोन्ही चांगली टोकं एकमेकांना जोडायची. लुगडं थोडं तोकडं व्हायचं, पण आणखी वर्ष-दोन वर्षं निघायची. दंड घातलेलं लुगडं गरिबीची खूण मानलं गेलं, म्हणून त्या कामातलं शहाणपण कुणी नीट पाहिलं नाही. विरलेलं ते कापून फेकायचं, ठिगळाने झाकत बसायचं नाही, आणि जोड चांगल्या कापडाचा चांगल्या कापडाशीच घालायचा. पँट म्हणून संपलेल्या जीनच्या बाबतीत हेच करायचं आहे.

वाकळा कमी झाल्या त्याला ब्लँकेटं जबाबदार आहेतच, पण एक कारण फारसं कुणी बोलत नाही. घरात सुती कापडच राहिलं नाही. साड्या पॉलिएस्टरच्या, शर्ट मिश्र धाग्याचे, चादरींतही निम्मं कृत्रिम सूत. सिंथेटिक साड्यांची वाकळ दिसायला झकास होते, पण घाम शोषत नाही, अंगावरून घसरते, टाकेही सैलावतात. अशा घरात दणकट सूत शोधायला गेलं तर ते खुंटीवरच्या जुन्या जीनमध्ये सापडतं. बोहारीण तिचे फार देत नाही. जरीच्या साडीला पातेलं, धड पँटला डबा आणि गुडघ्यात गेलेल्या जीनला मान हलवून नकार, असा तिचा हिशेब असतो. तिच्या दृष्टीने तो बरोबर आहे, कारण तिला कपडा म्हणून पुढे विकायचा असतो. आपल्याला फक्त कापड हवं आहे.

या कापडामागे किती गेलेलं असतं त्याचा एक आकडा पाहू. लीव्हाय कंपनीने २०१५ मध्ये आपल्याच एका पँटचा कपाशीच्या शेतापासून फेकून देईपर्यंतचा हिशेब मांडला, तेव्हा एका पँटमागे सुमारे ३,८०० लिटर पाणी निघालं. त्यातलं जवळजवळ दोन तृतीयांश एकट्या कापसाला. ताकारी-टेंभू उपसा योजनांच्या पाण्यासाठी ज्या मुलखाने वर्षानुवर्षं वाट बघितली तिथे हा आकडा समजावून सांगावा लागू नये.

कामाला बसण्याआधी पँट धुवायची, वाळवायची आणि उजेडासमोर धरून खडूने खुणा करायच्या. विरलेल्या जागेभोवती दोन बोटं सोडून रेघ ओढायची, कारण भोकाच्या कडेचं कापडही अशक्त झालेलं असतं. मग उसवायचं की कापायचं हा प्रश्न. पायाच्या दोन शिलायांपैकी बहुतेक पँटींत एक साधी असते आणि दुसरी, साधारणपणे आतली, दुमडून दुहेरी टीप मारलेली. ही दुहेरी शिलाई उसवत बसण्यात अर्थ नाही. अर्धा तास जातो आणि हाती येते भोकांनी चाळण झालेली पट्टी. साध्या शिलाईच्या कडेने सरळ कापा, पाय पुस्तकासारखा उघडतो आणि दुहेरी शिलाई मधोमध उभी राहते. पिशवीच्या पाठीला ती चांगला आधार देते. खिसे मात्र उसवूनच काढावेत. खिसा निघाला की त्याखाली गडद निळा चौकोन दिसतो. रंग मुळात कसा होता ते तेव्हा कळतं.

मशीनबद्दल बायकांची एक ठरलेली तक्रार: जीन घातली की सुई मोडते. सुई कापडाने मोडत नाही, चुकीच्या नंबरमुळे आणि घाईमुळे मोडते. ब्लाउजला वापरतो ती बारीक सुई काढून १६ नंबरची घालावी, चार थर असतील तर १८ ची. दोरा जाड पॉलिएस्टरचा, टाका मोठा, साडेतीन-चार मिलिमीटरचा. बारीक टाक्याने डेनिम तिकिटासारखं फाटतं. जिथे दुहेरी शिलाई आडवी येते तिथे सहा-आठ थर होतात. तो उंचवटा आधी फरशीवर ठेवून हातोडीने ठोकून चपटा करायचा, वरून अंघोळीच्या साबणाची वडी चोळायची आणि तेवढे टाके पाय न मारता, चाक हाताने फिरवून घालायचे. उंचवट्यावर चढताना मशीनचा फूट पुढून वर उचलला जातो आणि टाका चुकतो. त्याच्या मागच्या बाजूला जीनचाच दुमडलेला तुकडा सारला की फूट सपाट होतो आणि टीप सरळ जाते. आणि रिव्हेट. रिव्हेटवर सुई कधीही नेऊ नये. खिशाच्या कोपऱ्यातली ती तांब्या-पितळेची टिकली पक्कडीने निघत नसेल तर तेवढा कोपरा कापून टाकावा. सुईचं मोडलेलं टोक डोळ्याकडे उडू शकतं.

पहिली वस्तू शिवायची ती बाजाराची पिशवी. कुंडलच्या आठवडी बाजारात किंवा पलूसला भाजी घ्यायला हीच लागते, आणि प्लॅस्टिकच्या विणीची पिशवी बटाट्याच्या ओझ्याने बंदाजवळ फाटते हा सगळ्यांचा अनुभव आहे. मध्यम मापाच्या सरळ पायाच्या पँटचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापून उघडले की जवळजवळ ३८ सेंटिमीटर रुंद आणि ४५ लांब असे दोन तुकडे मिळतात. हेच पिशवीचे दोन पाट. मोहरीची शिवलेली कड पिशवीच्या तोंडाला ठेवायची, म्हणजे वरची पट्टी दुमडायचं काम वाचतं. चांगल्या बाजू समोरासमोर ठेवून तीन बाजूंनी टीप मारा, तीच टीप पुन्हा एकदा अर्धा सेंटिमीटर बाहेरून. खालचे दोन्ही कोपरे आता त्रिकोणी होतील असे ओढा, म्हणजे बाजूची शिलाई तळाच्या शिलाईवर येईल. टोकापासून पाच सेंटिमीटरवर आडवी टीप मारून टोक कापून टाका. उलटल्यावर पिशवीला दहा सेंटिमीटरचं बूड येतं आणि ती भुईवर उभी राहते. भाजीवाल्यासमोर उभी राहणारी पिशवी हे मोठं सुख आहे.

बंद कमरपट्टीचे करायचे. कमरपट्टी मुळातच दुमडून आतून मजबूत केलेली असते. माणसाचं वजन वर्षानुवर्षं सांभाळून ती ताणून झालेली, म्हणजे आणखी लांबत नाही. तिचे दोन भाग केले की हातात धरायला पुरतील असे, प्रत्येकी चाळीसेक सेंटिमीटरचे बंद होतात. खांद्याला लावायची पिशवी हवी असेल तर दुसऱ्या पँटची कमरपट्टी लागेल, किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूची शिलाई मधोमध धरून नऊ सेंटिमीटर रुंदीची लांब पट्टी काढावी लागेल. बंद पिशवीच्या आत पाच सेंटिमीटर खाली उतरवून चौकोन आणि चौकोनात फुली अशी टीप मारायची. ओझं एका ओळीवर न येता चौकोनभर वाटलं जातं. आत एक मागचा खिसा लावला की सुट्टे पैसे आणि चावी त्यात. अस्तराची गरज नाही. तिथे वेळ घालवणारे खूप पाहिलेत, त्यांची पिशवी जड होते आणि धुतल्यावर अस्तर आत गोळा होतं.

छाटणीच्या कात्रीची म्यान ही दुसरी वस्तू, आणि द्राक्षाच्या गावाला ती पिशवीपेक्षाही कामाची. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत कात्री खिशात ठेवली की टोक खिसा फाडून मांडीला लागतं. मागचा एक खिसा त्याच्या मागच्या कापडासकट कापून घ्या. त्याच्या पाठीला पोटरीच्या कापडाचा दुसरा थर द्या, तळाला आतून तिसरा, कारण टोक तिथेच टेकतं. वर पट्टा ओवायला दोन लूप, तेही पँटचेच. वीस मिनिटांचं काम. ऊसतोडीच्या हंगामात डोक्यावर तीस-चाळीस किलोंची मोळी घेणाऱ्यांसाठी चुंबळही डेनिमची चांगली होते. लांबीत कापलेल्या तीन पट्ट्यांची वेणी घालायची, तिची गोल गुंडाळी करायची आणि दाभणाने तिथल्या तिथे टाके घालून पक्की करायची. साडीच्या चुंबळीसारखी ती दर खेपेला सुटत नाही. तळाला जुन्या सुती साडीचं वेटोळं शिवावं, नाहीतर केसांना काचते.

गुडघ्याचं ठिगळ खरं तर पिशवीच्याही आधी यायला हवं, कारण पोराची पँट आणखी सहा महिने गेली तर तीच मोठी बचत. ठिगळ आतून लावायचं. भोकापेक्षा चारी बाजूंनी चार बोटं मोठं, कोपरे गोल कापलेले, आणि तिरक्या रेघा पँटच्या रेघांशी जुळवून, म्हणजे दोन्हीचा उभा धागा एकाच दिशेने धावेल. मग भोकावरून मागे-पुढे टिपा, प्रत्येक टीप चांगल्या कापडात दोन बोटं आत जाऊन परतलेली. लोंबणारे पांढरे धागे कापायचे नाहीत. ते टिपेखाली सपाट दाबून घ्यायचे, त्यांनीच जागा भरते. गुडघ्यापर्यंत मशीन जात नाही, पायाची नळी आड येते, म्हणून साधी शिलाई वीतभर उसवायची आणि काम झाल्यावर परत मारायची. टेलर याला कंटाळतो, आणि ते साहजिक आहे. ठिगळाच्या पैशांत त्याची वीतभर उसवणी बसत नाही. म्हणून हे काम घरीच व्हावं.

वाकळ करायची इच्छा सगळ्यांना होते, आणि तिथेच सगळ्यात जास्त फसगत होते. थोडा हिशेब करू. दीड मीटर बाय दोन मीटरची एकेरी वाकळ म्हणजे तीन चौरस मीटर. जीनचं कापड चौरस मीटरला चारशे ग्रॅमच्या आसपास भरतं. दोन्ही बाजूंना डेनिम, आत आणखी एक थर आणि सगळ्या जोडांची दुमड धरली तर वाकळ पाच किलोंच्या घरात जाते. ओली झाली की ती उचलायला दोन माणसं लागतील आणि श्रावणात चार दिवस वाळणार नाही. शिवाय जोडावर जिथे चार-चार थर होतात तिथून हाताचा धावता टाका निघतच नाही. लुगड्यांवर सरसर सुई चालवणाऱ्या बायका जीनची वाकळ बघून हात जोडतात त्या याच कारणाने.

यातून मार्ग असा. डेनिम एकाच बाजूला, भुईकडच्या. ते घासणं सोसतं आणि फरशीचा गारवा अडवतं. अंगाकडच्या बाजूला मऊ सुती साडी किंवा चादर, आत फार तर एक थर. सहा-सात पँटींच्या पोटऱ्या आणि मांड्यांचे बाहेरचे भाग एका बाजूला पुरतात आणि वजन तीन किलोंच्या आत राहतं. तुकडे चौकोनी कापून नक्षी साधण्याच्या भरीला पडू नये. जितके तुकडे लहान तितके जोड जास्त, तितकं वजन जास्त. लांब पट्ट्या करून त्या जोडाव्यात, दंड घालतात तशा. आणि धावत्या टाक्यांऐवजी वीत-वीत अंतरावर जाड दोऱ्याच्या गाठी माराव्यात: दाभण वरून खाली, बोटभर सोडून खालून वर, दुहेरी गाठ. गादीवाला कापूस पक्का करतो ती हीच रीत. वाकळेचं रूप थोडं बदलतं, जुन्या माणसांना ते रुचत नाही, पण वाकळ टिकते.

कामाच्या कपड्यांच्या अशा वाकळा अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाच्या वस्तीत झाल्या. नदीच्या वळणात अडकलेलं गाव, पूर्वी गुलाम असलेल्या कुटुंबांचे वंशज, कापसाची शेती आणि टोकाची गरिबी. तिथल्या बायका नवऱ्यांच्या विरलेल्या पँटा आणि ओव्हरऑल कापून अंथरुणं-पांघरुणं शिवत. १९४२ मध्ये मिझुरी पेटवे या बाईने नवरा वारल्यावर त्याचे कामाचे कपडे कापून एक पांघरूण शिवलं, त्याची आठवण अंगावर घेऊन झोपता यावं म्हणून. फिकट गुडघे, उसवलेल्या खिशांचे गडद चौकोन सगळं त्यात जसंच्या तसं दिसतं. आपल्याकडे गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवायला लोक का-कू करतात, देऊन टाकतात; चालीरीत म्हणून ठीक आहे, पण वाकळेत आजीचं लुगडं मात्र कुणालाच खटकत नाही. गीज बेंडची पांघरुणं २००२ मध्ये ह्यूस्टनच्या एका संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागली, २००६ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. ती पाहताना लक्षात येतं की त्या बायकांनीही लांब पट्ट्याच पसंत केल्या. जाड कापड शिवणारा हात बहुधा तिकडेच वळतो.

काय करू नये याची यादी खरं तर मोठी आहे. शाळांच्या 'टाकाऊतून टिकाऊ' प्रदर्शनात जीनचे पेन स्टँड, बाटलीचे कोट, भिंतीला टांगायचे खिसे दिसतात. पोरांचा हात वळतो एवढाच त्यांचा उपयोग. घरी आणल्यावर ते आठवडाभर मिरवतात आणि पुन्हा कचऱ्यात जातात, या वेळी डिंक आणि मण्यांसकट. माझी फूटपट्टी साधी आहे: जी वस्तू एरवी पैसे देऊन आणली असती तीच शिवावी. स्वयंपाकघरातलं पुसायचं फडकं जीनचं करू नये, ते पाणी पटकन ओढत नाही, नुसतं फिरवतं. गरम तवा धरायला मात्र दुहेरी डेनिम उत्तम, कारण सूत वितळत नाही. ताणल्या जाणाऱ्या जीनमधलं कृत्रिम सूत तव्याला चिकटतं; ती तिथे नको. ओळखायची कशी? आतल्या लेबलवर इलास्टेन किंवा स्पँडेक्स लिहिलेलं असतं. लेबल गेलं असेल तर कापड आडवं ओढून सोडून द्यावं, परत जागेवर आलं की समजावं. असल्या कापडाच्या पिशवीच्या तळाला साध्या डेनिमचा तुकडा द्यावा लागतो, नाहीतर ती पोटुशी होते.

यातून पैसे मिळतील का, हा बचत गटाच्या बैठकीत येणारा पहिला प्रश्न. मिळतात, पण गावात नाहीत. मुंबईत सौम्या कल्लुरी यांनी २०१८ च्या सुमारास 'द्विज' हा उद्योग जुन्या जीनच्या पिशव्यांवर उभा केला. तिथे गिऱ्हाईक वस्तूबरोबर तिच्या गोष्टीचेही पैसे देतं. कुंडलात तीच पिशवी शेजारीण घरी शिवेल, आणि शिवावीच. गावात विकायची असेल तर कात्रीची म्यान विकावी. छाटणीच्या तोंडावर, पाच-सहा नमुने टांगून, शेतीच्या औषधांच्या दुकानाशेजारी.

एवढं सगळं झाल्यावर उरतात चिंध्या: विरलेले गुडघे, बैठक, कापलेले कोपरे. त्या कात्रीने बोटभर कापून लोडात भराव्यात. नुसत्या भरल्या तर लोड दगडासारखा होतो, म्हणून निम्मा कापूस मिसळायचा. चेन, बटणं, लूप डब्यात. रिव्हेट भंगारवाल्याकडे. आणि मोहरीच्या त्या दशा निघालेल्या दोन पट्ट्या टाकू नयेत. वेलीला, टोमॅटोच्या काठीला बांधायला त्यांच्याइतकी चांगली दोरी नाही. काचत नाही आणि दोन पावसाळे सहज काढते.